विचारणारा तीनदा येतो

लोहारा, रविवार, ८ डिसेंबर २०२४

रंजे,

तुझा नंबर मी जूनपासून, तुझं पुस्तक हातात पडलं त्या दिवसापासून, ब्लॉक केलाय आणि तो मोकळा करायचा माझा इरादा नाही. म्हणून पत्र. वर 'प्रिय' लिहायचं विसरले असं समजू नकोस. लिहिलेलंच नाही.

परवा धाराशिवला आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी, गौरीशंकर सरांनी, स्टाफरूममध्ये पेढे वाटावेत तशा तोंडानं बातमी दिली. एक फेब्रुवारीला कॉलेजात व्याख्यान. विषय काय, तर आदिवासींच्या जमिनीचं काही करायचं असेल तर त्यांना कायद्यानं कसं विचारावं, आणि ते विचारणं वकिलीच्या पोरांना कसं शिकवावं. वक्त्या कोण? संभाजीनगर खंडपीठाच्या ॲडव्होकेट शिवरंजनी. वर मला म्हणतात, "गिरिजाबाई, तुमची सख्खी बहीण ना? मग स्टँडवर आणायला तुम्हीच जा."

सव्वीस वर्षं झाली मला तिथं शिकवून. एक हार कुणी घातला नाही. आणि आता तुझ्यासाठी हार धरून स्टँडवर मी उभी राहायचं, व्हय? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. आणि ऐक, हा विषय तिसऱ्या वर्षाला शिकवतं कोण? मीच. दोन वर्षं झाली. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तुझं पुस्तक वाचलं. बरंय. काही खास नाही.

पहिल्या पानावर आभार. "दगडाबाई काळे, माळकोंडीची पारधी वस्ती, माझ्या पहिल्या गुरू." वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या गुरू! आणि पुराव्याचा कायदा तुला लोहाऱ्याच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढं बसून कुणी पाठ करून घेतला? शेंगा सोलत सोलत? दगडाबाईनं? मी शोधत गेले माझं नाव. दहाव्या ओळीत सापडलं, म्हणजे नावही नाही, "घरच्यांचेही आभार." त्या 'ही'सकट.

आणि त्या वस्तीवर तुला पहिल्यांदा नेलं कुणी? कायदा साक्षरता शिबिर होतं माझं. तू बारावीला होतीस. माईक धरायला म्हणून नेलं तुला. मी तासभर घसा फोडून हक्क सांगितले आणि म्हातारी तुझा हात धरून म्हणाली, "ही लेक माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या चार दिस." मला म्हणाली, "म्याडम, तुमी च्या घ्या." तवापासून तू लेक आणि मी म्याडम.

अव्वा इथं बरी आहे. गुडघा दुखतो. रोज दोनदा धाकट्या लेकीचं, म्हणजे तुझं, नाव घेते, एकदा पूजेला बसताना आणि एकदा माझ्या हातची भाजी खारट झाली की.

फेब्रुवारीत ये. ऐकू सगळे. तोवर मीही काहीतरी करून दाखवते. पुस्तकं काय कुणीही लिहील.

गिरिजा


लोहारा, ३१ डिसेंबर २०२४

रंजे,

काल अवसेला येळवस झाली. शेतात कडब्याची कोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे यंदा मीच केले. अव्वानं पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाली, "रंजीला आंबील लई आवडायची." मी केलेल्या भज्जीबद्दल अवाक्षर नाही. आंबील तू शिकलीसही माझ्याकडूनच, पण ते राहू दे.

मुद्द्याचं सांगते. जमलं. मी करून दाखवलं.

तुझ्या पुस्तकात आहे ना, विद्यार्थ्यांना वस्तीवर न्यावं, मांडी घालून बसवावं वगैरे? मी नेले. एकवीस तारखेला, शनिवारी. बावीस विद्यार्थी, कॉलेजची गाडी, आणि वस्ती तीच. माळकोंडी. तुझीच एकटीची आहे की काय ती?

सगळं मुद्देसूद केलं. पाच जणांना कंपनी बनवलं, दोघांना सरकार, बाकीचे निरीक्षक. वस्तीचे लोक म्हणजे वस्तीचे लोकच. विषय काहीतरी खरा पाहिजे म्हणून पवनचक्कीचा घेतला. माळावर चक्क्या येणार अशी बोलवा आहेच, तामलवाडीपर्यंत खांबांचे टेम्पो येऊन गेलेत म्हणतात. तर कंपनीनं विचारायचं, वस्तीतून रस्ता न्यायचा आहे, तुमची हरकत आहे का. पोरांनी छान मांडलं. मग ठराव. तो मी घरूनच टाईप करून नेला होता. "आम्ही खाली सही-अंगठा करणार, आम्हास संपूर्ण माहिती देण्यात आली असून, सदर रस्त्यास आमची हरकत नाही." भाषा अशी बांधली की सुप्रीम कोर्टातसुद्धा कुणी कानामात्रेची चूक काढणार नाही. एकोणीस अंगठे, चार सह्या. दीड तासात सगळं आटोपून पोरं तुळजापुरात भेळ खायला मोकळी. तुझ्यासारखे महिनोन्‌महिने कशाला लागतात मला कळत नाही.

दगडाबाई तेवढी जरा आढेवेढे घेत होती. "आज बसा, च्या प्या. परत या, मंग बोलू." म्हटलं मावशी, परत कुठलं येणं, सोमवारपासून परीक्षा आहे. या पोरांचे मार्क तुमच्या अंगठ्यावर आहेत. तेव्हा म्हणाली, "लेकरांचं नुस्कान व्हतंय व्हय? मंग आण हिकडं." आणि बाकीच्या बायांनाही तिनंच हाक मारली. बघ, माझंही ऐकतात.

परत येताना ग्रामपंचायतीत थांबून एक प्रत दिली आणि पोच घेतली. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. कॉलेजच्या तपासणीला समिती येते तेव्हा फोटो चालत नाहीत, पोच लागते. आपण कामं अशी करतो. कागद बोलला पाहिजे.

निकिता म्हणून एक पोरगी आहे, येडशीची. फार प्रश्न विचारते. कागदाबद्दलही काहीतरी विचारत होती ऐनवेळी, दिलं दटावून. बाकी पोरं गुणी आहेत.

पेपरात फोटो आलाय. कात्रण पाठवत नाही, उगाच तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

गिरिजा


धाराशिव, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

रंजे,

काल तू स्टेजवरून उतरून माझ्याकडं आलीस तेव्हा मी चपला शोधत होते. खोटं. मी पायातल्या चपला शोधत होते.

बोललीस चांगलं. हे मी लिहिते आहे कारण दुसऱ्या कुणाकडून तुला कळलं असतं की गिरिजाबाई तोंड वाकडं करून बसल्या होत्या. व्हय, बसले होते. तू पहिल्याच वाक्याला पारध्यांच्या बोलीत काहीतरी म्हणालीस आणि पहिल्या रांगेतल्या वस्तीवरच्या तिघी खदखदून हसल्या. मला काय विनोद झाला ते कळलंच नाही. सव्वीस वर्षांत माझ्या कुठल्या वाक्याला पहिली रांग हसली असेल तर शपथ.

ती म्हातारी एसटीनं आली, दोन बायांना घेऊन, तुझं भाषण ऐकायला. माझ्या कॉलेजात. मी सात वेळा शिबिराला बोलावलं असेल तिला, दरवेळी "गुडघं दुखत्यात." काल गुडघे कुठं गेले होते? आणि तुला जवळ घेऊन कानशिलावर बोटं मोडली तेव्हा निकिता फोटो काढत होती. माझ्या वर्गातली निकिता. जिला मी सही दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही ती.

जळते मी, रंजे. लिहूनच टाकते. तू चौथीत वक्तृत्वाला पहिली आलीस तेव्हापासून जळते. अप्पा तुला खांद्यावर घेऊन लोहाऱ्याच्या बाजारातून फिरले. माझा एलएलएमचा निकाल लागला तेव्हा "बरं झालं" म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. ही काय तुझी चूक नाही, मला कळतंय. कळून काय करू?

चहाच्या वेळी दगडाबाई माझ्याकडं आली. म्हटलं आता ही तुझंच कौतुक सांगणार. तर म्हणाली, "म्याडम, पोरांना मार्क किती पडले?"

मी म्हटलं, "चांगले पडले."

"आकडा सांगा की. वस्तीवर समद्या बाया इचारत्यात. अंगठा दिलाय म्हनून."

मी म्हटलं, सगळ्यांनाच चांगले, मावशी, आणि सरांनी बोलावलंय असं सांगून निघून गेले. सरांनी बोलावलं नव्हतं.

तू लॉजवर उतरलीस. मी शेंगापोळ्या केल्या होत्या, बारा. तुला बोलवायला कुणी अडवलं नव्हतं मला. सकाळी कामवालीला देऊन टाकल्या.

गिरिजा


धाराशिव, १८ मार्च २०२५

शिवरंजनी,

तुझं रजिस्टर पत्र पोचलं. कॉलेजच्या पत्त्यावर का पाठवलंस? शिपायानं सगळ्या स्टाफरूमसमोर सही घेतली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. एक. होय, पवनचक्कीच्या कंपनीनं प्रांतसाहेबांकडं जो कागद लावलाय, माळकोंडीच्या वस्तीची सहमती म्हणून, तो आमच्या कॉलेजच्या शैक्षणिक उपक्रमातला आहे. दोन. तो कंपनीला मी दिलेला नाही. ग्रामपंचायतीच्या दफ्तरात प्रत होती, त्यांनी रीतसर अर्ज करून नक्कल मिळवली असणार. शिक्का होता, आवक क्रमांक होता, मागितली की मिळते. तीन. कागदावर तो सराव आहे असं कुठंही लिहिलेलं नाही, हे खरं आहे. कागद विद्यार्थ्यांनी तयार केला होता. पोरांच्या हातून राहून जातं.

"अक्का, ही भाषा तुझी आहे, ओळखते मी" असं तू लिहिलंयस. वकील आहेस, अंदाजावर बोलू नये. "सदर" हा शब्द काय एकट्या मीच वापरते?

रस्ता सात झोपड्यांवरून आणि त्यांच्या देवाच्या ओट्यावरून जाणार हे तू नकाशासकट पाठवलंस. आणि त्यांचा वनहक्काचा दावा अजून मंजूर व्हायचाय, हा कागद टिकला तर दावा मातीत जाईल, हेही. मला समजतं. कायदा मीच शिकवलाय तुला.

चोवीस एप्रिलच्या सुनावणीला वस्तीची वकील म्हणून तू मला साक्षीला बोलावणार म्हणतेस. बोलाव. आपलेच दात आपलेच ओठ. जगाला बहिणी-बहिणींची करमणूक होईल.

गिरिजा


धाराशिव, रविवार, २३ मार्च २०२५

रंजे,

मागचं पत्र फाडून टाक. टाकलं नसशील, तू कागद जपतेस. बरं, मग त्याच्याशेजारी हेही ठेव.

काल गौरीशंकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, कॉलेजचं नाव जायला नको, तुमचंही. कागद विद्यार्थ्यांनी केला असं प्रतिज्ञापत्र द्या. वस्तीवर ठराव वाचून कुणी दाखवला होता? निकितानं ना? मग तिचं नाव घालू. समज देऊ, माफीनामा लिहून घेऊ, विषय संपला. मी म्हटलं, सर, तिला उद्या सनद घ्यायची आहे. ते म्हणाले, मिळेल हो, उशिरा मिळेल.

म्हणजे मी तुला अठरा तारखेला जे लिहिलं होतं, तेच सरांनी माझ्या तोंडावर म्हटलं. माझंच वाक्य होतं ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी उठून दार उघडलं.

तर आता खरं. वस्तीवर कागद काढला तेव्हा निकिता माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "म्याडम, वर 'सराव' असं लिहू का?" पेन हातात होतं तिच्या. मी म्हटलं, "नको. फोटोत वाईट दिसतं." ती परत म्हणाली, "पण म्याडम, खऱ्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, "खऱ्यासारखाच वाटला पाहिजे." आणि मनात काय होतं सांगू? मनात होतं, हा फोटो तुला दिसेल. 'सराव' लिहिलं तर तू हसशील. अक्का खेळ खेळते म्हणशील.

आणि मार्क. तेही सांगते. मार्क नव्हतेच. त्या उपक्रमाला एकही मार्क नव्हता, रंजे. तो नुसता फाईलला लावायला होता. मी मार्कांचं बोलले ते म्हातारी लवकर आटपावी म्हणून. आणि तिनं बायांना गोळा केलं, "लेकरांचं नुस्कान" म्हणून. एकोणीस जणींनी माझ्या पोरांना पास करायला अंगठा दिला. तेही मार्क नसलेल्या परीक्षेत.

अजून एक. तुझं पुस्तक मी वाचलंच नव्हतं. आभाराचं पान आणि मलपृष्ठ वाचून कपाटात घातलं होतं. काल वाचलं. एक्केचाळीसाव्या पानावर दगडाबाईचं आहे, "आमच्या वस्तीत इचारणारा तीनदा येतो. पैल्या दिशी आमी त्याला बगतो. दुसऱ्या दिशी आमी त्याला इचारतो. तिसऱ्या दिशी आमी सांगतो." आणि खाली तुझं वाक्य, कागद सगळ्यांत शेवटी. म्हणजे त्या दिवशी "परत या, मंग बोलू" म्हणाली ते आढेवेढे नव्हते. ती मला रीत सांगत होती, आणि मी परीक्षेचं वेळापत्रक सांगत होते.

मी शिकवते गं हा विषय. दोन वर्षं.

प्रतिज्ञापत्र मी लिहितेय. निकिताचं नाव त्यात येईल ते फक्त तिनं काय विचारलं त्यासाठी. पण त्याआधी वस्तीवर जाऊन यावं असं वाटतं. तू मधे पडू नकोस, फोन करून म्हातारीला काही सांगू नकोस. माझ्यासाठी रदबदली केलीस तर मी तुला जन्मात माफ करणार नाही.

अक्का


धाराशिव, रविवार, ६ एप्रिल २०२५

रंजे,

तीनदा जाऊन आले.

पहिल्यांदा एकोणतीस तारखेला. एकटीच, एसटीनं, फाट्यापासून चालत. दगडाबाई बाभळीखाली पोतं टाकून बसली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "बसा. च्या प्या." प्याले. कोंबड्या बघितल्या. एका सुनेचं बाळ दाखवलं. अडीच तास मी तिथं बसले आणि कुणी मला काही विचारलं नाही, मीही नाही. घड्याळ तेवढं सारखं बघत होते. तिनं ते बघितलं.

दुसऱ्यांदा तीन तारखेला. त्या दिवशी बायांनी विचारलं. आई-बाप आहेत का, लेकरं किती. लेकरं नाहीत म्हटल्यावर कुणी चुकचुकलं नाही, त्याचं बरं वाटलं. रंजी तुमची कोण? मी म्हटलं धाकटी बहीण. एक बाई म्हणाली, "तोंडावळा न्हाय लागत." दुसरी म्हणाली, "लागतो की, रागावल्यावर." म्हणजे तू तिथं रागावतेस. मला वाटत होतं तिथं तू नुसती गोड असतेस. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगायला लाज वाटते.

मग सगळं सांगितलं मी त्यांना. मार्क नव्हते, हेही. दगडाबाईनं तंबाखू मळली आणि म्हणाली, "परवा या."

काल गेले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन गेले होते. वाचून दाखवला. "सदर वस्तीतील रहिवासी अशिक्षित असल्याने त्यांना कागदाचा अर्थ समजला नाही", इथपर्यंत आले आणि म्हातारीनं हात वर केला.

"हे खोडा."

मी म्हटलं, मावशी, हे तुमच्या फायद्याचं आहे. कळलं नव्हतं म्हटलं की अंगठा रद्द होतो. कायदा आहे तसा.

"कायदा आसंल. पर आमाला कळलं हुतं. पोरांची परीक्षा हाय आन्‌ अंगठा न्हाय दिला तर पोरं नापास व्हत्यात, हे कळलं हुतं. जे तुमी सांगितलं ते समदं कळलं. तुमी जे न्हाय सांगितलं ते कसं कळंल? आमी येड्या न्हाय, म्याडम. लिहायचं तर तुमी काय केलं ते लिहा. आमच्या डोस्क्याचं नका लिहू."

मी तिथंच खोडलं. त्यांच्यासमोर. मग एक-एक वाक्य विचारत गेले. हे ठेवू? हे काढू? संध्याकाळचे पाच वाजले. शेवटी कागद अर्धा झाला आणि सगळा माझ्याबद्दल झाला. "मी सांगितले की मार्क आहेत. मार्क नव्हते. मला 'सराव' लिहायला सुचवले गेले. मी नको म्हटले." एकही 'सदर' राहिला नाही.

माफी मागितली. त्यावर ती कोंबड्या डालायला उठली, मीही परत विचारलं नाही. निघताना एक सून फाट्यापर्यंत सोडायला आली.

सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत आहे. वाचून तुला वकील म्हणून दुरुस्त्या सुचतील. करू नकोस. वस्तीनं पास केलंय ते.

अक्का


लोहारा, रविवार, २७ एप्रिल २०२५

रंजे,

चोवीस तारखेला तुला कसं वाटलं ते मला माहीत नाही, आपण बोललो नाही. मला कसं वाटलं ते सांगते.

तू मला "साक्षीदार" म्हणालीस. बरोबरच आहे, प्रांतसाहेबांपुढं अक्का कशी म्हणशील. पण तो शब्द तुझ्या तोंडून ऐकला आणि मी उगाच पदर सारखा करत राहिले. तू विचारलंस, "साक्षीदारानं सांगावं, सहमती घ्यायला त्या वस्तीवर किती वेळा गेल्या?" मी म्हटलं, "एकदा." कंपनीचा वकील उठला, म्हणाला, बाई शिकलेल्या आहेत, सव्वीस वर्षं कायदा शिकवतात, त्यांना सराव आणि खरं यातला फरक कळत नव्हता काय? मी म्हटलं, "कळत होता. म्हणूनच तो शब्द लिहू दिला नाही." तू फाईलमध्ये तोंड घातलंस. तू रडत होतीस की हसत होतीस, मला दिसलं नाही.

कागद बाजूला ठेवला गेला, आता विचारायचं तर वस्तीवर जाऊन नव्यानं विचारायचं. ही काय शेवटची लढाई नाही, मला माहितीये. कंपनी परत येईल. पण यावेळी तीनदा यावं लागेल तिला, आणि पहिल्या दिवशी नुसता च्या मिळेल.

बाहेर आल्यावर दगडाबाईनं तुला पोटाशी धरलं. मी जिन्यापाशी उभी होते. जळले. आता आणखी खोटं काय बोलायचं, जित्याची खोड आहे. तुम्ही सगळे जीपमध्ये बसलात, तू तिच्या शेजारी, आणि मला कुणी बस म्हटलं नाही. मग तिनं जीपमधून डोकं बाहेर काढलं.

"गिरिजाबाई, पोरांचे मार्क देऊन टाका आता."

म्याडम नाही म्हणाली. तू ऐकलंस का? मी स्टँडपर्यंत तेच घोळवत गेले.

आता तुला कळलंच असेल, माझ्याकडून विषय काढून घेतलाय. लेखी. जूनपासून ते तास पाहुण्या वक्त्या म्हणून तुला द्यायचं ठरलंय. मी नोटीस बोर्डावर तुझं नाव वाचलं आणि पंधरा मिनिटं बाथरूममध्ये बसले. मग बाहेर येऊन पहिल्या वर्षाला करार कायदा शिकवला. मन लावून शिकवला. तू हे तास नाकारू नकोस. माझी दया येऊन नाकारलेस तर मी परत नंबर ब्लॉक करीन.

माझ्या हातातलं शेवटचं काम केलं. विषय जायच्या आदल्या दिवशी त्या शनिवारचे मार्क दिले, दहापैकी. ते कुठंच धरले जाणार नाहीत, नुसती यादी आहे. पण यादी करून दगडाबाईला पाठवली, नावं आणि आकडे. कंपनी आणि सरकार झालेल्या बाकीच्यांना पाच. निरीक्षकांना चार, कारण बघत बसले. निकिताला दहा. यादीच्या तळाशी माझं नाव लिहिलं आणि पुढं जागा मोकळी सोडली. ते त्यांनी ठरवावं.

अव्वा म्हणते, आंब्याच्या आधी रंजीला बोलाव. मी म्हटलं, तूच बोलाव. ती कानडीत म्हणाली, "नी करी." तूच बोलाव.

तर नंबर मोकळा केलाय आज सकाळी. फोन कर.

पण तीनदा कर. पहिल्या दोन वेळी मी उचलणार नाही.

अक्का